गप्पींच्या शेपट्या कोण फाडतंय? (दोन फुटी टँक, इंदूर)

रामबागवाली:
नमस्कार मंडळी. गप्पींच्या टँकमध्ये सारखी पळापळ आणि चावाचावी चालू आहे. उलटे प्रश्न कमी यावेत म्हणून माहिती एकदमच देते.

टँक 2 × 1 × 1 फूट, तीन महिन्यांपासून चालू. नर 9, माद्या 6, दुसरे मासे नाहीत. पाणी नर्मदेच्या नळाचं, एक दिवसाआड येतं ते. कमी पडलं तर बोरिंगचं. हफ्त्यातून एकदा साधारण एक बादली पाणी बदललं जातं. एअर पंपावरचा स्पंज फिल्टर, 50 वॅटचा हीटर 28 वर. तळाला रंगीत खडी, एका कोपऱ्यात प्लास्टिकची दोन झाडं, बाकी मोकळं. लाइट सकाळी 7 ते रात्री 11. खाणं दोनदा, दाण्याचं.

एक पिवळा नर दिवसभर दुसऱ्यांच्या मागे असतो. तीन नरांच्या शेपट्या फाटल्यात, त्यात निळ्याची तर निम्मी गेली. एक मादी फिल्टरच्या मागे उभीच्या उभी लटकलेली असते, खायलाही वर येत नाही. दुकानदाराच्या सांगण्यावरून पिवळ्याला चार दिवस बरणीत ठेवला, तर लाल नर तसाच वागायला लागला. पिवळा परत टाकला, आता दोघंही करतात.

पिवळा देऊन टाकावा का? आणि शेपट्यांसाठी औषध कोणतं?

शेवाळ:
पिवळ्याला शिक्षा देऊन उपयोग नाही, ते तुमच्या बरणीच्या प्रयोगानेच सिद्ध झालं. गप्पीच्या नरांमध्ये उतरंड असते. वरचा काढला की दुसऱ्या नंबरचा वर चढतो. गुन्हेगार नव्हे, तुमचा हिशोब चुकलाय. 9 नर आणि 6 माद्या म्हणजे एका मादीमागे दीड नर. हवं ते याच्या उलट, एका नरामागे निदान 2, जमलं तर 3 माद्या. गप्पीचा नर जागा असेपर्यंत दोनच कामं करतो, खाणं आणि मादीमागे लागणं. माद्या थोड्या असल्या की सगळे मिळून त्याच त्याच मादीला पळवतात. ती लपते, खात नाही, खंगते. तुमची फिल्टरमागची मादी बहुतेक हेच भोगतेय.

तिला विण्याची वेळ जवळ आलीय का, किंवा नुकतीच व्यालीय का तेही बघा. व्याल्यानंतरचे दोन-तीन दिवस मादी मिलनाला तयार असते आणि नरांना ते पाण्यातल्या वासाने कळतं. त्या दिवसांत सगळी वरात तिच्याच मागे लागते. अशी मादी तीन-चार दिवस वेगळी काढणं हा साधा उपाय आहे.

मात्र सगळीच पळापळ म्हणजे मारामारी नव्हे. तीन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या:

एक, नर मादीच्या समोर येतो, सगळे पंख ताणतो, अंग इंग्रजी एस अक्षरासारखं वाकवून दोन-तीन सेकंद थरथरतो. हे प्रदर्शन झालं, यात कोणाला इजा नाही.

दोन, नर मागून, खालच्या अंगाने मादीखाली घुसायला बघतो आणि पोटाखालचा दांडीसारखा पंख पुढे फिरवतो. ही जबरदस्ती. एकदा-दोनदा चालतं, दिवसभर चाललं तर मादीला जड जातं.

तीन, दोन नर बाजूबाजूला पोहतात, एकमेकांभोवती गोल फिरतात आणि एक जण दुसऱ्याच्या शेपटीच्या बुंध्याशी तोंड मारतो. खरी चावाचावी ती ही.

खायला न घालता दहा मिनिटं टँकसमोर कागद-पेन घेऊन बसा. खाणं दिलंत तर अर्धा तास सगळ्यांचं वागणं बदललेलं असतं, मग त्यावरून काही कळत नाही. कोण कोणाच्या मागे गेलं, आणि कोणी प्रत्यक्ष तोंड मारलं, अशा दोन वेगळ्या रकान्यांत रेघा मारा. नोंद झाल्याशिवाय एकही मासा हलवू नका.

जाळीवाला:
शेवाळ यांचा हिशोब बरोबर, पण टँकची मांडणीही तितकीच जबाबदार आहे. एका कोपऱ्यात दोन झाडं आणि बाकी मैदान, म्हणजे टँकच्या एका टोकाचा नर दुसऱ्या टोकाची मादी सरळ बघू शकतो. नजर तुटली की पाठलागही तुटतो. झाडं रांगेने मागच्या काचेला लावू नका. टँकच्या लांबीचे तीन भाग कल्पा आणि दोन्ही हद्दींवर तळापासून वरपर्यंत जाणारा झुपका उभा करा. वॅलिसनेरिया किंवा हॉर्नवर्ट चालेल. वर एक तृतीयांश भागात तरंगणारं काहीतरी हवं, गप्पी ग्रास किंवा पिस्टिया. घाबरलेली मादी वरच्या थरात लपते, तळाच्या गुहा-किल्ल्यांचा तिला फारसा उपयोग नसतो. दुकानातून आणलेली झाडं आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा, गोगलगाई तिथेच दिसून येतील.

मागे काही चिकटवलेलं नसेल आणि टँक भिंतीशी असेल तर रात्री काचेत आरसा तयार होतो. नर स्वतःच्याच प्रतिबिंबावर पंख ताणत राहतात. काळा चार्ट पेपर बाहेरून चिकटवा.

लाइट 16 तास फार झाला, 8 तास पुरे. टायमर प्लग लावला की लक्षात ठेवायची कटकट नाही. अंधारात पाठलाग जवळजवळ थांबतो, माद्यांना तेवढीच विश्रांती.

हीटर 28 वरून 25 वर आणा, पण रोज एकाच अंशाने. पाणी जितकं गरम तितका माशांचा जोर जास्त आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. हीटरच्या चकतीवरच्या आकड्यावर जाऊ नका, तो दोन-तीन अंश सहज चुकतो. वेगळा काचेचा थर्मामीटर हीटरपासून लांबच्या टोकाला लावा. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच एवढी तापते की हीटरचा प्लग काढूनच ठेवलेला बरा. तेव्हा झाकण उघडं ठेवून वर छोटा पंखा लावला की पाणी दोन-तीन अंश उतरतं.

खाणं एकाच जागी टाकता का? मग दांडगा नर ती जागा धरून बसतो. तेवढंच खाणं तीन वेळांत वाटा, दर वेळी दोन्ही टोकांना एकदम टाका. एका वेळचं दीड-दोन मिनिटांत संपलं पाहिजे. दाणा गप्पीच्या तोंडाला मोठा होत असेल तर बोटांत चुरडून टाका. मोठा दाणा एक जण तोंडात धरून पळतो आणि बाकीचे त्याच्या मागे, तीही पळापळ तुम्ही भांडणात धरत असाल.

रामबागवाली:
दोघांचेही आभार. आज दोनदा दहा-दहा मिनिटं बसले, सकाळी आणि दुपारी. बेरीज अशी:

पाठलाग: पिवळा 31, लाल 22, बाकीचे नर मिळून 40च्या आसपास. जवळजवळ सगळे माद्यांच्या मागे, नरामागे नर फक्त 6 वेळा.

प्रत्यक्ष तोंड मारलं: पिवळा 2, लाल 1, आणि मोठी राखाडी मादी 11!

ही मादी सगळ्यांत मोठी, दोन इंचांच्या वर. ती कोणाच्या मागे पळत नाही. एका जागी स्थिर असते, लांब शेपटीचा नर समोरून गेला की झटकन पुढे होऊन शेपटीला तोंड मारते आणि परत जागेवर. निळ्याला चार वेळा. मला इतके दिवस दिसलंच नव्हतं, कारण लक्ष पिवळ्यावर होतं. माद्याही चावतात का?

हौदातला_मासा:
ताई, ती गप्पी आहे हे कशावरून ठरवलंत? ती दुकानातून आणलेली की कोणी दिलेली?

दिवसाच्या उजेडात, ती काचेला आडवी असताना एवढं बघा. डोकं वरून चपटं आणि तोंड वरच्या बाजूला उघडणारं आहे का? अंगावर रंग अजिबात नाही, राखाडी-हिरवट, उजेडात किंचित निळी झाक? पाठीच्या आणि शेपटीच्या पंखावर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी आहेत का? डोळ्याखालून तिरकी काळपट रेघ उतरते का? पोटाशी मागच्या बाजूला काळा डाग आहे म्हणून गप्पीच, असं धरू नका. तो गाभणपणाचा डाग दोन्हींत असतो.

ठिपक्यांच्या ओळी असतील तर ती गॅम्बुसिया. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत, विहिरींत, कारंज्यांच्या टाक्यांत सोडतात तो मासा. मलेरियाविरोधी कामात आपल्या देशात गप्पी आणि गॅम्बुसिया दोन्ही वापरतात, आणि लोक दोघांनाही सरसकट गप्पीच म्हणतात. दोन्ही एकाच कुळातले, दोन्ही जिवंत पिल्लं देणारे, पण स्वभाव वेगळा. गॅम्बुसिया पंख कुरतडणारा मासा आहे. त्याला डिवचायची गरज नसते. जे लांब, झिरमिळ्यांचं आणि हळू हलणारं ते त्याला खाण्यासारखं दिसतं. शोभेच्या गप्पीची शेपटी म्हणजे नेमकं तेच. चावल्यावर परत जागेवर जाऊन उभी राहते म्हणालात ना, तिथेच शंका आली. पाठलाग न करता दबा धरून तोंड मारणं हे गप्पीचं वागणं नाही.

जखम बघूनही कळतं. चावलेल्या शेपटीला अर्धचंद्रासारखा स्वच्छ तुकडा गेलेला असतो आणि कडेचा रंग शाबूत असतो. सडलेल्या शेपटीची कड झिरझिरीत, पांढुरकी किंवा लालसर दिसते आणि ती रोज थोडी थोडी आत सरकते.

(जाता जाता, गप्पी हे नाव गप्पा मारण्यावरून आलेलं नाही. 1866 मध्ये त्रिनिदादहून हे मासे लंडनला पाठवणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांचं ते आडनाव आहे.)

रामबागवाली:
ठिपक्यांच्या ओळी आहेत, अगदी ओळीने. डोळ्याखालची रेघही आहे. पिशवीतून गप्पींबरोबरच आली होती. लगेच काढून बादलीत ठेवलीय.

म्हणजे आता नर 9, माद्या 5. निळ्याची कड मात्र पांढरी दिसतेय. मीठ टाकू का? आणि हिला कुठे सोडू? सिरपूर तलाव जवळ आहे.

पाणीबदल:
सिरपूरला नाही! तलावात नाही, कान्ह नदीत नाही, कॉलनीतल्या नाल्यातही नाही. गॅम्बुसिया काय आणि गप्पी काय, दोन्ही बाहेरचे मासे. स्थानिक माशांची अंडी-पिल्लं आणि बेडकांची पिल्लं खातात. सिरपूर 2022 पासून रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहे, इंदूरजवळचा यशवंत सागर तलावही. ज्या हौदाचं पाणी वाहून बाहेर जात नाही अशा बंद हौदात ती चालेल. एकटीच आणलेली असली तरी ती गाभण असणार असं धरून चाला.

आता मीठ. टँकमध्ये टाकू नका, कारण जाळीवाल्यांच्या सांगण्यावरून तुम्ही झाडं आणणार आहात आणि नाजूक पाल्याच्या झाडांना ते मानवत नाही. निळ्याला आणि बाकी दोघांना वेगळ्या टबात घ्या. कृती:

10 लिटर पाणी, सगळं टँकमधलंच. एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड), आणि टँकमधल्या स्पंज फिल्टरशेजारी आठवडाभर ठेवलेला एखादा जास्तीचा स्पंज असेल तर तो. तसा नसेल तर काही बिघडत नाही, पाणी जास्त वेळा बदलायचं. साधं खडे मीठ 20 ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. चमच्याचा भरवसा नाही, खड्याच्या आकाराप्रमाणे वजन बदलतं. मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून तीन भाग करा आणि बारा-बारा तासांनी एकेक भाग घाला. न विरघळलेला खडा तळाला राहिला आणि मासा त्यावर टेकला तर कातडी भाजते.

रोज 3 लिटर पाणी बदला, आणि नव्या 3 लिटरमध्ये 6 ग्रॅम मीठ. इथे लोक हमखास चुकतात. दर बदलाला पुन्हा 20 ग्रॅम घालतात, आणि मीठ साठत जातं. मीठ उडून जात नाही. पाणी नुसतं वाफ होऊन कमी झालं असेल तर भर साध्या पाण्याची. सात ते दहा दिवस. कड पारदर्शक आणि नितळ दिसू लागली की पंख वाढायला लागला असं समजा. पाच दिवसांनीही पांढरी कड आत सरकत असेल तर मिठाचं काम संपलं, मग जिवाणूंवरचं औषध, डब्यावरच्या प्रमाणात आणि टबातच. झाकण लागेल, टबातून गप्पी उडी मारतात.

पाण्याबद्दल. तुमच्या टँकमध्ये खडी वगैरे जाऊन 45 लिटर पाणी असेल. 10-12 लिटरची बादली म्हणजे पाव भाग, प्रमाण ठीक आहे. पण नळाचं पाणी थेट ओतता का? जलूदहून येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि त्याचं प्रमाण रोज सारखं नसतं. क्लोरीनने कल्ल्यांची आग होते, मासे झटके मारत पळतात, काचेला अंग घासतात. तीही पळापळ भांडणासारखीच दिसते. उपाय स्वस्त आहे. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, 10 ग्रॅम, 100 मिली पाण्यात विरघळवून गडद बाटलीत भरा. दर 10 लिटरला 1 मिली, ढवळून पाच मिनिटं थांबायचं.

बोरिंगच्या पाण्याला घाबरू नका. माळव्याच्या काळ्या खडकातलं जड पाणी गप्पीला उलट मानवतं. मात्र एका आठवड्याला नर्मदा आणि पुढच्याला बोरिंग असं करू नका. दर वेळी दोन्ही अर्धं-अर्धं, म्हणजे धक्का नाही.

अमोनियाची (माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात साठणारं विष) थेंबांची टेस्ट एकदा कराच. आकडा शून्य हवा. सामू (पीएच) 8च्या आसपास असला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो, म्हणून बोरिंगच्या पाण्यात थोडासा अमोनियाही महागात पडतो. स्पंज कधी नळाखाली धुऊ नका, काढलेल्या टँकच्या पाण्यातच दोन-तीनदा पिळा.

शेवाळ:
गॅम्बुसिया सापडली हे उत्तम, पण म्हणून माझा हिशोब संपला नाही. चावाचावी तिची होती. 31 आणि 22 पाठलाग पिवळ्या-लालचेच आहेत, आणि फिल्टरमागची मादी त्यांच्यामुळेच लटकलीय. आता 9 नर आणि 5 माद्या, प्रमाण आणखी बिघडलं.

आणखी दहा-बारा माद्या आणा असं पुस्तकी उत्तर देणार नाही. 45 लिटरमध्ये 15 माद्या म्हणजे महिन्या-सव्वा महिन्याला दोन-तीनशे पिल्लं. तुम्हाला पिल्लं नको असतील तर टँक फक्त नरांचा करा. मादी दिसत नाही, तिचा वास नाही, तर नरांची ईर्ष्या बरीच उतरते. दोन-तीनच नर असले की एकाच कमजोरावर सगळा राग निघतो. आठ-नऊ असले की तो वाटला जातो, तुमचे 9 म्हणूनच सोयीचे. माद्या शेजारच्या टँकमध्ये ठेवणार असाल तर मध्ये पुठ्ठा लावा. आणि माद्यांच्या टँकचं पाणी, जाळी, स्पंज इकडे आणू नका.

क्रम असा ठेवा. आधी पाचही माद्या वेगळ्या 25-30 लिटरच्या टबात, भरपूर गप्पी ग्राससकट. मग नरांच्या टँकमधली झाडं-खडी हलवून मांडणी पूर्ण बदला, म्हणजे कोणाचीच जुनी हद्द उरणार नाही. टबातले तीन नर बरे झाले की तिघांना एकाच वेळी परत सोडा, लाइट बंद झाल्यावर. एकटा मासा उजेडात सोडला की बाकीचे सगळे त्याची चौकशी करायला येतात.

रामबागवाली:
माद्या वेगळ्या झाल्या म्हणजे पिल्लं थांबतील ना?

शेवाळ:
नाही. मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते. नर न बघता तीन-चार वेळा सहज व्यायेल, साधारण दर चार आठवड्यांनी. पिल्लं वाढवायची असतील तर चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून रोज बघत राहा. पोटाखालचा पंख पंख्यासारखा तिकोनी राहिला तर मादी. तो निमुळता होऊन दांडीसारखा दिसायला लागला की नर. तो त्याच दिवशी उचलायचा, दोन दिवस उशीर झाला तर त्याच्या बहिणी गाभण.

जाळीवाला:
आणि माद्यांच्या टबात ती लटकणारी मादी पहिले दोन दिवस खाते का ते पाहा. बाकी चौघी तिला काही करणार नाहीत. तरीही ती वर येत नसेल, शेपटीकडचा भाग खाली झुकला असेल, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी असेल किंवा गुदद्वारातून लाल धाग्यांसारखे कृमी बाहेर आलेले दिसले, तर तो छळ नाही, आजार आहे. इथे फोटो टाका, अंगठ्याएवढा नको, बाजूने काढलेला, फ्लॅश बंद करून.

रामबागवाली:
माद्या हलवल्या. टबात सोडल्यावर तासाभराने ती फिल्टरवाली वर आली, चुरडलेले चार-पाच दाणे खाल्ले. टँकमध्ये पिवळा आता काचेतल्या स्वतःवरच पंख ताणतोय. उद्या चार्ट पेपर आणते.